परब बाई, आपलं भांडण अजून संपलेलं नाही

बाई,

तुमच्या फोटोला पहिला हार हेडसरांनी घातला.

मी आईच्या शेजारी बसून बघत होते. शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये ठेवायचं ठरलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. हार घालून त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, पुरेसा वेळ तसेच उभे राहिले, आणि मग माइक हातात घेऊन म्हणाले, "परब बाई म्हणजे आमच्या शंभर टक्के निकालाचा कणा होत्या."

तुमच्यासाठी आणलेली फुलं मी मुठीत चुरगळून टाकली. घरी येऊन हात धुतला तेव्हा त्यातून पाकळ्यांचा लगदा निघाला.

तुम्ही गेलात त्याला महिना होऊन गेला. लोक सांगतात, रडून मोकळी हो. मला रडू येत नाही, राग येतो. हेडसरांचा येतो आणि तुमचाही येतो. आपलं भांडण अर्धं टाकून तुम्ही निघून गेलात. आता उरलेलं मी कुणाशी भांडू? काकांशी? ते बिचारे तुमचा चष्मा रोज पुसून पुन्हा टीव्हीवर ठेवतात.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. कारण त्या हॉलमध्ये भलतंच सांगितलं गेलं, आणि शंभर माणसांनी ते मान डोलावत ऐकलं.

मी नववी ब मध्ये होते. तुम्ही आमच्या वर्गशिक्षिका, गणिताच्या. सहामाहीला मी गणितात नापास झाले, इंग्रजीत काठावर वाचले. वर्गात माझ्यासारखी आणखी काही मुलं होती. वार्षिक परीक्षेच्या आधी हेडसरांनी आमच्या आईबापांना एकेक करून ऑफिसात बोलावलं. आई तेव्हा लालबागच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ काढायच्या कामाला जायची. ती तशीच कामावरून आली, पदरावर, केसांवर मिरचीची धूळ घेऊन. ती आत पाऊल टाकतेय तोच हेडसरांनी नाकाला रुमाल लावला.

"तिथेच थांबा. दारात. मला ठसका लागतो."

आई दारातच उभी राहिली. मी तिच्या मागे. ते तिथून मोठ्याने बोलले, म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मुलगी काही दहावी काढायची नाही. तिच्यामुळे शाळेचा निकाल खाली येतो. दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि बाहेरून बसवा. तुम्हाला काय, पुढे सवलती आहेतच."

"सर, वर्ष आहे अजून. करील ती."

"सही करा. मागे लोक थांबलेत."

अर्जात लिहिलं होतं की आम्ही आमच्या मर्जीने मुलीला शाळेतून काढत आहोत. आईने कागद भिंतीला लावून सही केली. तिच्या बोटांची आग होत होती, पेन नीट धरता येत नव्हतं. खाली उतरल्यावर ती मला म्हणाली, "बापाला सांगू नको, मी दारात उभी होते म्हणून." मी बाबांना कधी सांगितलं नाही.

तुम्हाला दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना कळलं. संध्याकाळी तुम्ही करी रोडला आमच्या चाळीत आलात, जिने चढून धापा टाकत. आईला विचारलंत, "सही का केलीत?" मग तिच्या तोंडाकडे बघितलंत. पाण्याचा ग्लास तोंडाला लावून एका दमात संपवलात आणि माझ्याकडे वळलात.

"रडून झालं?"

"हो, बाई."

"मग वही आण."

दाखला हातात मिळालेली आम्ही पाच जण पुढचं सव्वा वर्ष तुमच्या लालबागच्या घरी येत होतो. ओट्याजवळ चटई, चटईवर आम्ही. वरळी कोळीवाड्याची तुमची नेहमीची मासेवाली दारात टोपली उतरवायची, तिच्याशी घासाघीस करता करता तुम्ही मागे न बघता ओरडायचात, "कंस सोडव आधी, कंस!" चुकलं की तुमची मालवणी बाहेर पडायची. "डोळे खंय आसत गो तुझे? वजाचा चिन्ह दिसना नाय?" आम्ही खाली मान घालून हसायचो. मला गणित येत नव्हतं असं नाही, मला गणिताची भीती वाटत होती, एवढं तुम्ही पहिल्या आठवड्यात ओळखलंत. बाकीच्यांनी नऊ वर्षांत ते ओळखलं नव्हतं. चौघे पहिल्या फटक्यात पास झालो, राकेशला दोन खेपा लागल्या. आमच्यापैकी कुणाचंही नाव शाळेच्या निकालात नव्हतं.

आणि तुमचं काय झालं? स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत तुम्ही हेडसरांना विचारलं होतं, "पोरं काढून निकाल लावायचा, तर आपण शिकवायचं कशाला?" त्यानंतर तुम्हाला दहावीचा वर्ग कधी मिळाला नाही. नववीही गेली. बीजगणित शिकवणाऱ्या बाईला त्यांनी पाचवीच्या पाढ्यांवर बसवलं, ते तुम्ही निवृत्त होईपर्यंत. तुम्ही म्हणायचात, "पाचवीची पोरं गोड असतात गो." असतील. मला ते कधी पटलं नाही. दहावीच्या वर्गावरून जाताना तुमची चाल हळू व्हायची, असं पाटकर शिपाई सांगायचे.

मी पुढे शिकत गेले, गणितातच. एमएस्सीचा निकाल लागला त्या दिवशी आइस्क्रीमचा डबा घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही विळीवर बांगडे साफ करत होतात. लोअर परळच्या एका कंपनीने मला घेतलं होतं, काचेच्या इमारतीत, आकडे चाळायच्या कामाला. तुम्ही खूश झालात. मग मी म्हटलं की मी तिकडे जाणार नाही, मी बीएड करणार.

"कशाला?"

"शिकवायला."

"खरं बोल."

"आपल्याच शाळेत लागायचंय मला. हेडसर आता संस्थेचे सेक्रेटरी झालेत ना? त्यांच्या डोळ्यांदेखत नववी ब घ्यायची. एक पोर बाहेर काढू देणार नाही. बसू दे त्यांना बघत."

तुम्ही विळी पाडून बाजूला सरकवलीत. "मग नको करू बीएड."

मला वाटलं, थट्टा करताय.

"तुला शिकवायचं नाहीये गो. तुला त्याला मारायचंय. वर्गात चाळीस पोरं बसलेली असतात. तुला त्यातलं एक दिसायचं नाही. तुला दिसणार एकटा तो."

"तुम्हाला तर तोही दिसला नाही," मी म्हटलं. "त्याच्या निरोप समारंभाला शाल घेऊन गेलात तुम्ही."

आतल्या खोलीत काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तुम्ही कोपराने कपाळावरचे केस मागे केलेत.

"माझे पेन्शनचे कागद त्याच्या सहीसाठी अडकले होते. म्हणून गेले."

"आणि शाल?"

"शाल सगळ्या स्टाफची होती. मी नुसती त्याच्या खांद्यावर टाकली."

हे तुम्ही अगदी सरळ सांगितलंत. तुम्ही रडला असतात, चिडला असतात, तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "तुम्ही सोडलंत त्याला. मी सोडणार नाही." तुम्ही म्हणालात, "नको सोडू. पण पोरांच्या खांद्यावर बंदूक ठेवू नको." आणि पुन्हा विळी पुढे ओढलीत. आइस्क्रीम वितळून गेलं. मी न खाता निघून आले.

नंतर तुमची तब्येत बिघडली आणि मी थेट परळच्या हॉस्पिटलमध्येच तुम्हाला भेटले. हाताला सुई, ओठ कोरडे. तुम्ही पहिलं काय विचारलंत? "भरलास फॉर्म?"

"नाही. नोकरीलाही हो म्हटलं नाही."

"मग आधी कुणाला तरी शिकवून बघ."

"आणि मग?"

"मग ये माझ्याकडे. सांगते."

भेटायची वेळ संपली म्हणून सिस्टरने सगळ्यांना बाहेर काढलं. पुढच्या वेळी तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हतात. काय सांगणार होतात, बाई? मी खूप डोकं खाजवलंय. तुमच्या बाजूने बोलून बघते, तुमच्या आवाजात बोलून बघते. जमत नाही. तुम्ही ऐन वेळी असं काहीतरी बोलायचात जे दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

तर शोकसभा. हेडसरांचं झालं, मग संस्थेच्या आणखी दोघांचं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, कुणा माजी विद्यार्थ्याला दोन शब्द बोलायचे असतील तर यावं. मी उठले. आईने माझ्या ओढणीचा काठ धरला आणि मग सोडून दिला.

मी म्हटलं, "परब बाईंनी या शाळेचा शंभर टक्के निकाल लावला नाही. शाळेने जी मुलं काढून टाकली ती त्यांनी पास केली. मी त्यातली एक." मग सगळं सांगितलं. दार, रुमाल, ठसका, भिंतीला लावलेला कागद, तुमची पाचवी. हॉल भरलेला दिसावा म्हणून नववीच्या मुलांना मागे आणून बसवलं होतं. ती मान वर करून ऐकायला लागली. हेडसर खुर्चीतून म्हणाले, "ताई भावनेच्या भरात आहेत, आपण समजून घेऊ," आणि कुणीतरी माइक बंद केला. मी माइक खाली ठेवला आणि पुढचं तसंच बोलले. मागच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा ते मी तुमच्याच वर्गात बसून ऐकलेलं आहे.

माझं संपलं तेव्हा आई उभी राहिली. आई, जी चाळीच्या मीटिंगमध्येही तोंड उघडत नाही.

"साहेब," ती म्हणाली, "ठसका लागतो का हो अजून?"

मागून एक पोरगी फिस्सकन हसली. मग दुसरी. मग सगळी नववी हसली. शिक्षक "शूऽऽ" करत उठले आणि त्यांच्यातलेही दोघेतिघे तोंड फिरवून हसत होते. हेडसर चष्मा काढून पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत राहिले. बाई, खोटं कशाला बोलू? मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. तुम्ही तिथे असतात तर मला दटावलं असतंत. फोटोत होतात, म्हणून काही बोलला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आमच्या दारात आली. भायखळ्याच्या मंडईत भाजी विकते. बरोबर तिची मुलगी, सानिका, तीच ती फिस्सकन हसलेली. बाई म्हणाली, "आम्हाला शुक्रवारी बोलावलंय शाळेत. सही करायला. तुम्ही काल बोललात ना, तेच हाय ते?"

तेच होतं. खुर्चीवरचं माणूस बदललं, अर्ज तोच.

शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर गेले. टेबलामागे नव्या मुख्याध्यापिका, आणि बाजूला, सेक्रेटरी म्हणून, हेडसर. मी आधी खुर्ची ओढली आणि सानिकाच्या आईला म्हटलं, "बसा." ती अवघडून टोकावर बसली. पुढे सगळं फार लवकर आटोपलं. मी म्हटलं, "शाळा मुलीला काढतेय असं शाळेने लिहून द्यावं. मग आम्ही सही करतो."

मुख्याध्यापिकांनी हेडसरांकडे बघितलं. "असं लिहून नाही देता येत," त्या म्हणाल्या.

"मग आम्हालाही सही नाही करता येत."

एवढंच. एवढंच वाक्य माझ्या आईला त्या दिवशी कुणी दिलं असतं तर! सानिकाचं नाव पटावर राहिलं. आम्ही बाहेर पडलो तसे हेडसर मागून आले. पॅसेजमध्ये मला बाजूला घेऊन एकदम मऊ आवाजात म्हणाले, "प्रज्ञा, झालं गेलं सोड. एवढी शिकलीस, नाव आपल्याच शाळेचं ना? बीएड करून टाक. गणिताला हल्ली माणूस मिळत नाही. मी शब्द टाकतो."

"तुमचा शब्द नको," मी म्हटलं आणि चालायला लागले.  पण चालता चालता माझ्या लक्षात आलं की आता मी बीएड केलं तर हा माणूस सांगत फिरणार, मीच तिला सुचवलं. आणि नाही केलं, तर तेही त्याच्यामुळेच. दोन्हीकडे तोच उभा. तुमच्यावर इतकी चिडले मी त्या पॅसेजमध्ये! तुम्ही सांगितलेलं खरं होणं मला अजिबात नको होतं.

गेटबाहेर आल्यावर सानिका म्हणाली, "ताई, पण मला खरंच गणित येत नाही."

मी जिंकण्याच्या नादात होते. हा भाग माझ्या डोक्यातच आला नव्हता.

ती रोज शाळा सुटल्यावर आमच्याकडे यायला लागली. हुशार आहे, पण चिन्हं खाते. वजा दिसला की घाईने अधिक करून टाकते. पहिले काही दिवस मी शांत होते. मग एक दिवस तिने सलग तीन गणितांत तीच चूक केली आणि माझा तोल गेला. मी वही ओढून घेतली आणि ओरडले, "असंच करत राहिलीस ना, तर तो माणूस जिंकेल! कळतंय का तुला?"

ती दचकली. मग हळूच म्हणाली, "कोण?"

तिला खरंच माहीत नव्हतं. हॉलमध्ये ती आईच्या प्रश्नाला हसली होती, त्या माणसाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त वजाचं चिन्ह कळत नव्हतं. मी वही परत दिली. "कुणी नाही. पुढचं कर." आई आतून सगळं ऐकत होती. चहा तिने सानिकाला आधी दिला, मला नंतर.

ठीक आहे. तुमचं बरोबर होतं. लिहून देते. पण निम्मंच बरोबर होतं, बाई. तुम्ही म्हणालात, सुडासाठी जात असशील तर जाऊ नको. मला राग नसता तर मी त्या शोकसभेत उठले असते का? शुक्रवारी त्या ऑफिसात जाऊन खुर्ची ओढली असती का? चांगल्या स्वभावाची माणसं त्या स्टाफरूममध्ये भरपूर होती. तुम्ही प्रश्न विचारलात तेव्हा ती सगळी वह्या तपासत बसली होती. आज सानिका शाळेत आहे ती माझ्या रागामुळे आहे. आणि ती माझ्यासमोर दचकली तीही माझ्या रागामुळेच. दोन्ही एकाच ठिकाणाहून येतं. ते वेगळं कसं करायचं, हेच तुम्ही सांगणार होतात का? मला आता वाटतं, तुम्हालाही ते पूर्ण जमलं नव्हतं. नाहीतर मालवणीतून एवढ्या शिव्या का घातल्या असत्यात?

हेडसरांना मी माफ केलेलं नाही. करणार नाही. ते रस्त्यात दिसले तर मी फुटपाथ बदलत नाही, समोरून जाते आणि त्यांना बदलायला लावते. तुम्ही मनातल्या मनात त्यांना सोडलं असेल तर तो तुमचा हिशेब. पेन्शनच्या कागदासाठी तुम्हाला जी शाल हातात धरावी लागली, तिचा माझ्या डोक्यातला राग तुमच्या रागापेक्षा मोठा आहे, आणि तो तुमच्याबरोबर गेलेला नाही.

सोमवारी कंपनीला फोन करून मी नाही सांगितलं. काल सकाळी बीएडच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला. आई म्हणाली, "तो म्हणेल, माझ्या सांगण्यावरून केलं."

"म्हणू दे."

"तुला चालेल?"

"नाही चालणार. पण म्हणू दे."

काल दुपारी सानिका आली आणि वही न उघडताच म्हणाली, "ताई, वजा गुणिले वजा अधिक का?" मी म्हटलं, नियम आहे. ती म्हणाली, "ते माहितेय. पण का?" बाई, हे तुम्हीही मला कधी सांगितलं नव्हतंत, आणि मीही विचारलं नव्हतं. एमएस्सी होऊनही मी पेन खाली ठेवलं. मग तिला घेऊन बाहेर गॅलरीत गेले. म्हटलं, जिन्याकडे तोंड म्हणजे अधिक, नळाकडे तोंड म्हणजे वजा. पुढे चाललीस की अधिक, मागे मागे चाललीस की वजा. आता नळाकडे तोंड कर आणि मागे मागे चाल.

ती चालायला लागली. वाळत घातलेल्या चादरींतून, शेजारच्या मावशींच्या तुळशीच्या कुंडीला वळसा घालून, उलटी उलटी. पाण्याच्या पिंपावर आपटली, थांबली, मागे वळून बघितलं, तर जिना हाताच्या अंतरावर.

"म्हणजे मी अधिककडेच आले!"

"आलीस."

"थांबा, परत करते."

तिने परत केलं. मग मला करायला लावलं. मग शेजारच्या मावशींना. त्या साडी सावरत उलट्या चालल्या आणि म्हणाल्या, "हे आम्हाला कुणी शिकवलंच नाय." चुका झाल्या, भांडणं झाली, नळाकडे तोंड कुणाचं आणि जिन्याकडे कुणाचं यावरून. शेवटी तिने आत येऊन दहा गणितं केली. दोन चुकली. तिने स्वतःच शोधली.

सानिका गेल्यावर मी कप विसळत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढ्या वेळात हेडसर मला एकदाही आठवले नव्हते. मग आठवले. रागही आला, पहिल्यासारखाच. पण तोवर सानिका घरी पोचली असेल.